मंदाताई, तुम्ही गप्प का राहिलात?

मंदाताई,

तुमच्या घरून काकांचा फोन आला तेव्हा मी कारखान्याच्या पार्किंगमध्ये माझी गाडी शोधत होते. सकाळी दाट धुकं होतं, घाईत कुठल्या रांगेत लावली ते पाहिलंच नव्हतं. संध्याकाळचे साडेपाच वाजलेले, नोव्हेंबरचा अंधार आणि शेकडो गाड्यांमधून मी किल्लीचं बटण दाबत फिरतेय. काका म्हणाले, "उज्ज्वला, मंदा गेली गं. दुपारी."

मी विचारलं, "कुठे?"

काका हळूच म्हणाले, "अगं, गेली."

तुम्ही आजारी होतात हेच मला माहीत नव्हतं. सहा आठवडे हॉस्पिटलमध्ये होतात आणि मी तीन तासांच्या अंतरावर इंगोलश्टाटमध्ये रोज ऑफिसला जात होते, भाजी आणत होते, गाडीचे हिवाळी टायर बदलून घेत होते. काका म्हणाले, तुला कळवू का असं तिला विचारलं होतं मी. तर म्हणाली, नको, कामाच्या गडबडीत असेल ती. हे वाक्य तुम्ही कुठल्या सुरात म्हणालात, हे मला काकांना विचारायचं होतं. विचारवलं नाही.

तुमच्या गेर्लिंगेनच्या स्मशानभूमीतल्या त्या छोट्या हॉलमध्ये आपल्याला चाळीस मिनिटं मिळाली होती. पुढच्या कुटुंबाची माणसं काळे कोट घालून बाहेर थांबलीच होती. आत जेमतेम तीस-पस्तीस जण. तुमच्या ऑफिसातल्या दोन निवृत्त बायका, शेजारचे आजोबा, आणि आम्ही नऊ-दहा जण, तुमच्या टेबलावर कागद जुळवून पुढे गेलेली मुलं. काकांनी काळा कोट घातला होता आणि पायात पांढरे स्पोर्ट शूज. कुणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं तरी कोण सांगणार. तुमची लेक अनिका जर्मनमध्ये बोलली, छान बोलली. मग काका माझ्याकडे वळून म्हणाले, "तू मराठीत बोल काहीतरी. तिला मराठी ऐकू दे."

मी उठले. "मंदाताई..." म्हणाले आणि खाली बसले. सगळ्यांना वाटलं, मला रडू आलं. तसं नव्हतं, ताई. मला तिथे उभं राहून तुमचं कौतुक करायचा हक्क नव्हता, हे मला एकटीला माहीत होतं. म्हणून आता लिहितेय. तिथे जे बोलायला हवं होतं ते, आणि जे बोलता आलंच नसतं तेही.

अकरा वर्षांपूर्वी मी तुम्हाला एक ई-मेल केली होती. बुलडाणा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावात इंजिनिअरिंगची दोन वर्षं झालेली मुलगी, वडिलांची पिठाची गिरणी, आणि डोक्यात जर्मनीचं खूळ. इथल्या एका विद्यापीठानं कळवलं होतं की तुमचा अर्ज घेऊ, पण दोन वर्षांत काय शिकलात ते आमच्या अभ्यासक्रमाशी जुळल्याशिवाय मोजणार नाही. पुन्हा पहिल्या सेमिस्टरपासून. अधिकृत भाषांतरकारांच्या यादीत मला एकच मराठी आडनाव दिसलं, म्हणून विचारलं की कॉलेजच्या अभ्यासक्रमाचं भाषांतर करून मिळेल का. तुम्ही ई-मेलला उत्तर दिलंच नाही. सरळ फोन केलात.

"आल्झो," तुम्ही म्हणालात. म्हणजे 'तर मग'. हा शब्द आला की पुढे बोलणी बसणार, हे मला नंतर कळलं. "तू पाठवलेलं वाचलं मी. 'स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स' या विषयाखाली तुमच्या कॉलेजनं तीन ओळी छापल्यात. तीन ओळींचं मी किती चांगलं भाषांतर करणार? वर्गात काय काय शिकवलं तुम्हाला?"

"सगळं शिकवलं, मॅडम."

"सगळं म्हणजे काय? किती तास? कुठलं पुस्तक? लॅबमध्ये काय तोडलंत, काय वाकवलंत? वह्या आहेत ना? काढ आणि लिही."

मी पंधरा दिवस वह्या घेऊन बसले. धडा, तास, प्रयोग, पुस्तकाची पानं. सोबतच्या पत्रात मी एक मोठा परिच्छेद घातला होता, ग्रामीण भाग, अपुऱ्या सोयी, मुलींना शिकू देत नाहीत वगैरे. तुम्ही तो अख्खा खोडून टाकलात. "बिचारेपणा लिहू नकोस. तास लिही. आपण त्यांच्याकडे दया मागत नाही आहोत, हिशोब दाखवतोय." मला राग आला होता. आमच्या कॉलेजात जनरेटर नव्हता म्हणून अर्धे प्रयोग दिवाळीनंतर झाले, हे खरं होतं, आणि खरं लिहायला काय हरकत आहे, असं मला तेव्हाही वाटायचं आणि अजूनही वाटतं. हा वाद आपला कधी मिटला नाही. तुम्ही म्हणायचात, कीव आली की माणसं पानं उलटायची थांबतात. मी म्हणायचे, पण ताई, जे होतं ते होतं. तुम्ही "गेनाऊ" म्हणायचात, म्हणजे "बरोबर", आणि तरीही खोडायचात.

मग तुमचे ते कॉलेजला फोन. आमच्या कॉलेजच्या ऑफिसातले वानखेडे अजून आठवण काढतात. सकाळी साडेसातला, म्हणजे तिकडे जेवणाच्या सुट्टीआधी, तुम्ही त्यांना बरोबर गाठायचात.

"वानखेडे, ते तासांचं पत्र लेटरहेडवर हवंय मला."

"मॅडम, साहेब मीटिंगला गेलेत."

"काल पण गेले होते."

"कालचीच मीटिंग चालू हाय मॅडम."

"मग चहा घेऊन आत जा, आणि चहाबरोबर पत्र ठेवा. मी फोन धरून आहे."

तुम्ही खरंच बावीस मिनिटं फोन धरून बसलात. पत्र मिळालं. आणि जेव्हा इथल्या प्राध्यापकांनी विचारलं की हे 'वर्कशॉप प्रॅक्टिस' म्हणजे काय, तेव्हा तुम्ही त्यांना समजावून सांगितलंत की या मुलीनं दोन सेमिस्टर हातात कानस धरून लोखंड घासलंय, तुमची मुलं पहिल्या वर्षाला कानस कधी हातात घेतात? माझी दोन्ही वर्षं नाही, पण तीन सेमिस्टर मोजली गेली. गिरणीत बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी पट्टा बंद केला. दळण थांबवून त्यांनी माझं बोलणं ऐकल्याचं मला आठवत नाही, त्या दिवसाखेरीज.

मी पहिल्यांदा तुमच्या घरी आले त्या दिवसाचं मात्र एक राहून गेलंय. तीन तासांचा प्रवास, दोनदा गाडी बदललेली, शेवटी यू-सिक्स ट्रामनं अगदी टोकाला. मी दारातच म्हणाले, "ताई, थोडं पानी द्याल?" आणि तुम्ही हसत म्हणालात, "पानी नाही गं, पाणी." सहज म्हणालात. ग्लास पण लगेच दिलात. मी त्यानंतर तीन आठवडे तुम्हाला फोन केला नाही, आणि तुम्हाला वाटलं माझी परीक्षा आहे. त्या दिवसापासून मी तुमच्यासमोर आमच्या घरची भाषा बोलले नाही. आता ती कुणासमोरच येत नाही. आई फोनवर म्हणते, पुण्याची झाली वं तू. तुम्ही पुन्हा कधी टोकलं नाहीत, बहुतेक लक्षात आलं असावं तुमच्या. पण मी बोलले नाही आणि तुम्हीही बोलला नाहीत.

पुढे मी नोकरीला लागले आणि तुमच्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसले. नांदेड, वाशीम, नंदुरबार, गडहिंग्लज. कुठल्या कुठल्या कॉलेजांची ती मळकी पुस्तकं, झेरॉक्सचे तिरके कागद. एका बाजूला तो अभ्यासक्रम, दुसऱ्या बाजूला इथलं मोडूलहांडबूख, म्हणजे त्यांच्या प्रत्येक विषयाची इत्थंभूत माहिती. तुम्ही पेन्सिलनं खुणा करायचात, मी इंजिनिअरिंगच्या बाजूनं सांगायचे, हा भाग जुळतो, हा नाही. काका लाल मसुराची आमटी करायचे. तुम्हाला ताई आणि त्यांना काका, हे नातं कुठल्या गणितात बसतं असं ते नेहमी विचारायचे.

अंत्यविधीनंतर अनिकानं माझा हात धरला. "दू बिस्ट आल्झो डी उज्ज्वला," म्हणाली. म्हणजे तूच ती उज्ज्वला. मग जर्मनमध्येच सांगितलं, अर्धं हसत, की लहानपणी मला होमवर्कला ते टेबल कधी मोकळं मिळालं नाही, मी जमिनीवर बसून लिहायचे. मी सॉरी म्हणाले. ती म्हणाली, तू कशाला, तू तर नंतर आलीस. पण तिला ते कुणाला तरी सांगायचं होतं, आणि सांगायला समोर मीच होते.

आता शीतल.

शीतल हिंगोलीकडची. तीन वर्षांपूर्वी तुमच्याच टेबलावरून आली. आमच्या इंगोलश्टाटच्या जवळच्या गावात तिला प्रवेश मिळाला, तेव्हा तुम्ही मला म्हणालात, "ही आता तुझी. मी साठीच्या पुढं गेले, मला ते ऑनलाइन पोर्टल समजत नाही. तिला काही लागलं तर तू बघ." मी हो म्हणाले. पहिलं वर्षभर बघितलंही. आन्मेल्डुंगला, म्हणजे पत्ता नोंदवायला, तिच्याबरोबर गेले, कुकर दिला, बसचा पास काढून दिला. मग माझं काम वाढलं.

टेख्निशे मेखानिकमध्ये, म्हणजे मेकॅनिक्समध्ये, ती एकदा नापास झाली, दुसऱ्यांदा झाली. इथे तीनच संधी. तिसऱ्यांदा नापास झालं की तो अभ्यासक्रम संपला, तोच विषय घेऊन देशात दुसरीकडेही शिकता येत नाही. हे मला माहीत होतं. या वर्षी जानेवारीत तिचा तिसरा पेपर होता. त्या आठवड्यात तिचे मला दोन फोन आले, एक बुधवारी, एक गुरुवारी. दोन्ही वेळा मी स्क्रीनवर नाव पाहिलं. मीटिंग होती, एका पुरवठादाराचे सुटे भाग परत पाठवायचे चालले होते. वाटलं, शनिवारी निवांत बोलू. पेपर शुक्रवारी होता.

ती नापास झाली. मार्चमध्ये पत्र आलं, विद्यापीठातून नाव कमी झालं, आणि व्हिसाही गेला. विमानतळावर सोडायला मी गेले होते. तिची बॅग पंचवीस किलोची होती, दोन किलो जास्त भरली म्हणून तिनं तिथेच कुकर काढून माझ्या हातात दिला.

तिथून मी घरी गेले नाही. सरळ गेर्लिंगेनला आले. तुम्ही दार उघडलंत आणि मी कोट न काढता बोलायला लागले. ते सगळं मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, "तुम्ही या मुलांना दारापर्यंत आणून सोडता, ताई. कागद जुळले की तुमचं काम संपलं. आत काय होतं ते बघायला तुम्ही जाता का? ती तिथे एकटी होती. कुणी नव्हतं तिला विचारायला. तुम्हाला फक्त तास जुळवायचे असतात."

काका स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि परत आत गेले.

तुम्ही टेबलाच्या कडेला हात ठेवून उभ्या होतात. मला वाटलं, आता "आल्झो" येणार. मी त्याची वाट बघत होते, ताई. तुम्ही भांडला असतात तर मी अजून चार गोष्टी बोलले असते आणि मग कदाचित रडले असते आणि सांगितलं असतं. तुम्ही फक्त म्हणालात, "बस ना जरा. दमून आलीस."

मी बसले नाही. निघून गेले. आठ महिने. गणपतीला तुमचा मेसेज आला, मी हात जोडलेलं चित्र पाठवलं. दिवाळीला मी मेसेज केला, तुमचं उत्तर दोन दिवसांनी आलं, "सुखी रहा." तेव्हा तुम्ही हॉस्पिटलमध्ये होतात. त्या दोन शब्दांवरून मला काहीही कळलं नाही. वाटलं, अजून रागावलेल्या आहात.

तुमच्या अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी मी शीतलला फोन केला. आठ महिन्यांत पहिल्यांदा. तुम्ही गेल्याचं तिला सांगावं, एवढाच विचार होता. ती म्हणाली, "मला कळलंय, ताई. काकांनी त्याच दिवशी सांगितलं."

"काकांनी? तुला?"

"हो. मंदाताई दर शनिवारी फोन करायच्या ना."

मग तिनं सांगितलं ते असं. तुम्ही एप्रिलपासून दर शनिवारी तिला फोन करत होतात. पहिले दोन महिने ती बोलायचीच नाही, नुसती ऐकायची, तर तुम्ही तिला गेर्लिंगेनच्या बाजाराचं, कोबीचं, काकांच्या गुडघ्याचं सांगत बसायचात. मग जूनमध्ये म्हणालात, इथे पास झालेले विषय वाया घालवायचे नाहीत. आणि तुम्ही उलटं काम सुरू केलंत. इतकी वर्षं तिकडचे अभ्यासक्रम जर्मनमध्ये नेलेत, आता इथलं मोडूलहांडबूख इंग्रजीत आणायला बसलात, विषयवार, तासांसकट, म्हणजे तिकडचं विद्यापीठ तिला सरळ तिसऱ्या वर्षाला घेईल. तिथल्या ऑफिसातही तुम्हाला एक वानखेडे सापडले होते म्हणे. त्यांनाही तुम्ही फोन धरून बसायचात.

"शेवटचे दोन विषय त्यांनी दवाखान्यातून पाठवले," शीतल म्हणाली. "मला माहीत नव्हतं. मागं काहीतरी टिक टिक वाजत होतं. मी विचारलं, तर म्हणाल्या, मायक्रोवेव्ह आहे."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं कुणी?"

"मी म्हणलं होतं, उज्ज्वलाताईंना सांगू का. तर म्हणाल्या, ती विचारेल तेव्हा सांग." मग म्हणाली, "तुम्ही विचारलंच नाही."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तेव्हा मी तिला सांगितलं, ताई. जे तुम्हाला सांगायला हवं होतं, विमानतळावर तिला सांगायला हवं होतं, ते. म्हणाले, "शीतल, पेपरच्या आठवड्यात तुझे दोन फोन आले होते. मी पाहिले होते. उचलले नाहीत."

"माहितीये ताई. पूर्ण वाजून बंद व्हायचा."

"कशासाठी केले होतेस?"

"ताप होता मला. तीन दिवस. डॉक्टरचा दाखला दिला तर पेपर पुढे जातो का, आणि तो दाखला कुठं द्यायचा, एवढंच विचारायचं होतं."

ताई, जातो. आटेस्ट म्हणतात त्याला. परीक्षेच्या आधी डॉक्टरचा दाखला परीक्षा विभागात दिला की तो पेपर धरतच नाहीत, संधी शाबूत राहते. इथे शिकलेल्या कुणालाही विचारा. मी स्वतः दोनदा दिलाय. सांगायला मला एक मिनिटही लागलं नसतं.

"मग मंदाताईंना का नाही विचारलंस?"

"त्या म्हणाल्या होत्या ना, आता उज्ज्वला तुझी. मला वाटलं, परत त्यांना कशाला त्रास."

मग मी शेवटचं विचारलं. "हे तू त्यांना कधी सांगितलंस? फोनचं, तापाचं?"

"मार्चमध्येच. निकाल लागला त्या संध्याकाळी."

म्हणजे मी कोट न काढता तुमच्या दारात उभी होते आणि म्हणत होते, कुणी नव्हतं तिला विचारायला, तेव्हा तुम्हाला माहीत होतं. ती कुणाला विचारत होती ते तुम्हाला नावानिशी माहीत होतं. एका वाक्यात तुम्ही मला गप्प करू शकला असतात. तुम्ही, ज्या बाईनं आयुष्यभर कुणाचंही चुकलेलं एक वाक्य तसंच राहू दिलं नाही. तुम्ही मला बसायला सांगितलंत.

का, ताई? मला वाचवायचं होतं, की मी स्वतःहून बोलेन याची वाट बघत होतात? काकांना विचारलं. ते म्हणाले, "मला नाही गं ठाऊक. तू गेल्यावर ती बराच वेळ तुझ्या खुर्चीवर बसून होती." हे उत्तर नाही. उत्तर देऊ शकणारं माणूस आता नाही, आणि दुसऱ्या कुणाला हा प्रश्नही कळणार नाही. माझ्या ऑफिसात कुणाला सांगू? घरी आईला कुठून सुरुवात करून सांगू? इथे दहा वर्षं काढली मी, तरी या एका गोष्टीबद्दल बोलण्यासारखं माणूस एकच होतं.

शीतलच्या प्रवेशाचं पत्र तुम्ही गेल्यानंतर चार दिवसांनी आलं. त्याच फोनवर ती म्हणाली, "हातात पत्र घेऊन बसले होते, ताई. शनिवार होता. कुणाला सांगू तेच कळेना."

"मला सांग," मी म्हणाले.

तिनं पत्र उघडल्याचा आवाज आला. मग तिनं एकेक विषय वाचायला सुरुवात केली. इलेक्ट्रोटेख्निक, मान्य. वेर्कश्टोफकुंडं, म्हणजे धातू आणि पदार्थ, मान्य. गणित एक, मान्य. गणित दोन, मान्य. यादी लांब होती आणि ती अगदी सावकाश वाचत होती, जणू परत कुणी त्यातलं काही काढून घेईल. मी नुसती "हं" म्हणत राहिले. माझ्या खिडकीबाहेर काळोख पडत गेला तरी मी दिवा लावायला उठले नाही. शेवटी ती म्हणाली, "आणि मेकॅनिक्स नाही. तो मला इथे परत द्यायचाय."

"भीती वाटते?"

"वाटते ना."

पेपर कधी आहे, ते मी विचारून घेतलं, ताई. तारीख लिहून घेतली.